मोडाच्या दिवशी लावलेला कुणगा

नकार फोनवर देऊ नये, असं मथुराचं मत होतं. होकाराचं एक वेळ चालतं. तो कुठूनही दिला तरी समोरच्याला गोडच लागतो. पण नकार द्यायचा तर त्या घरी जावं, त्यांचा चहा प्यावा आणि समोर बसून आपल्या तोंडानं सांगावं. म्हणून खालच्या शेतातली लावणी उरकल्याबरोबर तिनं पिशवी भरायला घेतली.

सत्यवान, तिचा नवरा, पडवीत बसून खोऱ्याला दांडा बसवत होता. तो पिशवीकडे बघत होता आणि बघत नाही असं दाखवत होता.

"चेडवाक इचारलंस?" शेवटी त्यानं मुलीचं विचारलं.

"चेडवाक काय इचारूचा? ता खुळावलां."

"झील वायट नाय म्हणतत."

"बेडूक दाखवता तो लोकांका! पावसात बॅटरी घेवन बेडूक दाखवूचा, ह्या काय काम झाला?"

सत्यवाननं मान खाली घातली आणि दांड्यावर दोन ठोके घातले. बायकोशी वाद घालून जिंकल्याचं त्याला आठवत नव्हतं आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे. पिशवीत काजूगर, कोकमं आणि सुके बांगडे गेले. त्यानं हळूच एक सोललेला नारळ आणून वर ठेवला. मथुरानं तो उचलला आणि परत कोनाड्यात ठेवून दिला. मुलाच्या घरी नारळ नेला की बोलणं पक्कं झालं, हे सत्यवानला काय कळत नव्हतं? कळत होतं, म्हणूनच ठेवला होता.

त्यांची नम्रता वैभववाडीला नर्स होती. घाटमाथ्यावरच्या देवसड्याचा ओंकार एका पाय मोडलेल्या पर्यटकाला घेऊन दवाखान्यात आला, त्याला तीनचार तास थांबावं लागलं आणि तिथं ते जुळलं. जात जुळत होती, कुळी जुळत होती, मुलगा निर्व्यसनी होता. मथुराला नाव ठेवायला बेडकांखेरीज काही सापडत नव्हतं. पण तिचं खरं कारण बेडूक नव्हतंच. देवसड्याला शेत होतं, घरात एकटी सासू होती आणि तिथला पाऊस सगळ्या जिल्ह्याला माहीत होता.

मथुरा लग्न होऊन आली त्या आषाढात तिला ताप होता. पोटात पहिलं होतं. सासूनं दारात उभं राहून हाका मारल्या आणि ती उठून लावणीला गेली. मूल त्या चिखलातच गेलं. त्यावर घरात कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या वाटणीचा कुणगा, शेताचा तेवढा तुकडा, मात्र बाकी होता. पुढं नम्रता झाली तेव्हा मथुरानं मनाशी धरलं की ह्या पोरीचा पाय चिखलात पडू द्यायचा नाही. तसंच वाढवलं. वाडीतल्या बायका म्हणत, शेतकऱ्याच्या चेडवाला रोपांची मूठ बांधता येत नाही, शोभतं का? मथुरा म्हणे, तुमच्या डोळ्यांना शोभत नसेल तर दुसरीकडे बघा.

एसटी घाट चढली तसे तिचे कान गच्च झाले. वर पोचेपर्यंत रस्ता, झाडं, दऱ्या सगळं धुक्यानं पुसून टाकलं होतं. देवसड्याला गाव म्हणावं की शहर, हे तिथल्यांनाही ठरवता आलेलं नव्हतं. स्टँडसमोर एक बाजाराची ओळ, तिच्यात मक्याची कणसं भाजणारे, रेनकोट विकणारे, गाड्यांतून मोठ्यानं गाणी लावून आलेली पोरं. आणि त्या ओळीच्या मागं वळलं की एकदम शेतं, चिव्याच्या बांबूची बेटं आणि झाडीत दडलेलं रवळनाथाचं देऊळ.

ओंकारच्या घरापुढच्या खळ्यात शिरताच मथुराचा पाय शेवाळावरून सटकला आणि ती पिशवीसकट बसली. नकार द्यायला आलेल्या बाईनं असं दारात बसावं, ह्याचा तिला फार राग आला.

"लागला काय गो?" दारातून आवाज आला. ओंकारची आई, हौसाबाई. काळी, उंच, हाडांनी रुंद बाई. कपाळ मोकळं, कासोटा मारलेला, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. तिनं एका हातानं मथुराला उठवलं आणि दुसऱ्या हातानं तिच्या घोट्यावरची जळू उपटून चुलीतल्या राखेत टाकली. "आमच्या हयसर पावण्याक आधी जळू भेटता, मगे मी भेटतंय."

मथुराला हसू आलं होतं. तिनं ते दाबलं.

चहा झाला. मथुरानं घसा खाकरला. "ह्या बगा, मी इलंय ता एक सांगूक..."

"आधी जेव," हौसाबाई म्हणाली आणि आत गेली.

जेवताना नाचणीची भाकरी होती, कुळथाची पिठी होती आणि तिनं आणलेलेच बांगडे भाजून समोर आले होते. जेवण झाल्यावर मथुरा पुन्हा सरसावली, तेवढ्यात हौसाबाईला गोठ्यातली गाय आठवली. गाईचं आटोपलं तर अंथरूण घालायचं निघालं. सकाळी उठून सांगू म्हणून मथुरा झोपली. सकाळी ओंकार भिजून आला आणि म्हणाला, घाटात दरड कोसळली. एसटी बंद.

"कधी मोकळो होतलो?" मथुरानं विचारलं.

"मोठी आसा. पाऊस थांबलो काय मशीन येतला." तो लाजत होता. होणाऱ्या सासूशी बोलायची त्याला सवय नव्हती. "तुमका काय व्हया तर सांगा, मावशी."

मला घरी जायला पाहिजे, असं मथुराच्या ओठावर आलं. पण पोराचे ओठ थंडीनं निळे झाले होते आणि आधी आंग पूस, असंच ती बोलून गेली.

मग दिवस सुरू झाले. वर थंडी असल्यामुळं तरवा, म्हणजे भाताची रोपं, उशिरा वाढतो, त्यामुळं देवसड्याची लावणी आत्ता कुठं भरात आली होती. गावात वारंगुळा चालायचा. आज सगळ्यांचे हात एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. मजूर कोणी लावत नसे आणि लावायचं म्हटलं तरी मिळत नसे. पहाटे धुक्यातून बायका यायच्या, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, कोणाकोणाकडे अजून इरलं. ओळीनं वाकायच्या आणि एक बाई गाणं उचलायची. अर्ध्या बायका पुढं म्हणायच्या, अर्ध्या मागून. मथुराच्या वाडीत असं गाणं कधीच बंद पडलं होतं. आता तिथं कोणाच्या तरी कमरेला मोबाइल वाजायचा. इथं हात गाण्यावर चालत होते आणि गाणं थांबलं की हातही थांबत होते आणि बायका पाठ सरळ करत होत्या.

पावणी म्हणून मथुराला शेताच्या बांधावर, मेरेवर बसवलं होतं. लावणीच्या बाईला मेरेवर बसवणं म्हणजे सुताराला नवीन लाकडासमोर हात बांधून उभं करणं. तिच्या तळव्यांना खाज सुटायची. मधली एक ओळ वाकडी गेली होती. ती वाकडी ओळ तिला जेवतानासुद्धा दिसत होती.

तिनं घराची पारख मात्र सोडली नव्हती. मीठ कुठं ठेवतात? चुलीवर शिंक्यात, नाहीतर त्याचं पाणी होतं. ओंकार काय करतो? पर्यटक नसले की सकाळी नांगरणी करतो, दुपारी आईच्या हातातून ओढून घेऊन भांडी घासतो. आई त्याच्यावर ओरडते का? ओरडते, पण तो हसतो. मथुराला हे बघून बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून चीड यायची.

एका सकाळी वरच्या धनगरवाड्यावरची शेवंती लोणी घेऊन आली. कुड्याच्या पानात बांधलेला गोळा तिनं ठेवला आणि पैसे न घेता भात घेऊन गेली. "तिका आजपर्यंत आमी भातच दिला," हौसाबाई म्हणाली, "तिच्या आवशीकय भातच." चुलीला लाकूड कमी पडलं म्हणून मथुरा देवळामागच्या झाडीत गेली आणि तिथं आडवी पडलेली सुकी फांदी उचलणार, तोच वाटेवरची एक म्हातारी किंचाळली. हौसाबाई धावत आली.

"देवराई ती! थंयचा पान सुद्धा घरी हाडूचा नाय. पडलेला झाड थंयच कुजता."

"माका काय ठावक?" मथुराचा चेहरा उतरला होता. चारचौघींत तिला कोणी असं हटकलं नव्हतं.

"माझीच चूक. सांगूक व्हया होता," हौसाबाई म्हणाली. आणि वाटेवरच्या म्हातारीला मोठ्यानं सांगितलं, "हात लावल्यान नाय गो तिना. जा तू!"

दरम्यान मथुरानं तीनदा तोंड उघडलं होतं आणि तीनदा त्या तोंडात काहीतरी खायला पडलं होतं. फणसाच्या आठळ्या, घावणे, काळा चहा. मथुरा काही बुळी नव्हती. ही बाई आपल्याला बोलू देत नाही, हे तिला कळत होतं. पण का देत नाही, हे कळत नव्हतं. लोचट म्हणावं तर तशी दिसत नव्हती. मुलाचं, घराचं कौतुक तिनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

खाल्लेलं अंगावर साठत चाललं, ह्याचं मथुराला ओझं झालं. ह्या घरची भाकरी खाऊन ह्या घराला नकार द्यायचा, तर भाकरीची फेड आधी केली पाहिजे. आणि फेडीसाठी तिच्याकडे दोन हात होते. एवढे चांगले हात ह्या गावात दुसऱ्या कोणाचे नव्हते, ह्याची तिला खात्री होती.

गुरुवारी ती उठली तेव्हा घरात सामसूम होती. ओंकार दरडीकडे बघायला गेला होता. हौसाबाई सांगून गेली होती, "देवळाकडे जावन बाजार करून येतंय, तू निज." बाहेर पाऊस उघडला होता. आणि शेतात चिटपाखरू नव्हतं. एवढा चांगला दिवस, चिखल केलेला तयार, तरव्याच्या मुठी कालच्या काढून ठेवलेल्या, आणि सगळा गाव बाजारात! मथुराला कीव आली. म्हणूनच ह्यांची लावणी अजून रेंगाळलेली, असं तिनं मनात म्हटलं आणि कासोटा मारला.

तिनं घरामागचा कुणगा धरला. पहिली मूठ सोडली, अंगठ्यानं रोप दाबलं आणि चिखल तळव्याला लागताच तिच्या अंगात गाणं आलं. एकटीच गुणगुणत, मागं मागं सरकत ती लावत राहिली. ओळी अशा सरळ की दोरी धरल्यासारख्या. कंबर भरून आली तरी ती थांबली नाही. ऊन चढलं तेव्हा कुणगा हिरवा झाला होता. मेरेवर बसून तिनं पाय धुतले आणि आपल्या कामाकडे पाहिलं. आता भाकरी फिटली, आता नाही म्हणायला आपण मोकळ्या, असं तिला वाटलं.

हौसाबाई आली. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"ह्या काय केलंस गो बाये?"

"लावलंय. वाकडी ओळ दिसता काय खंय?"

"आज मोड!"

मथुरा मेरेवरून उठली. मोड म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती. आठवड्याचा एक दिवस जमीन विसाव्याला सोडायची. नांगर नाही, बैल नाही, चिखलात हात नाही. तिच्या गावाचा मोड सोमवारी असे आणि जन्मात एकदाही तिनं तो मोडला नव्हता. पण प्रत्येक गावाचा वार वेगळा, हे माहीत असूनही तिनं विचारलं नव्हतं. हौसाबाईनं देवराईचं सांगितलं, जळवांचं सांगितलं. मोड कोणाला सांगावा लागतो, असं वाटून तो सांगायचा राहिला. दोघीही शेतातच वाढलेल्या बायका, म्हणूनच ही चूक झाली. शहरातली पावणी चिखलात उतरलीच नसती.

तोवर दोनचार माणसं वाटेवर थांबली होती. हौसाबाई कुणग्यात उतरली आणि तिनं पहिलं रोप उपटलं. मोडाच्या दिवशी लावलेलं ठेवता येत नाही. मथुराही उतरायला गेली, तशी हौसाबाईनं हातानं तिला मागं सारलं. मेरेवर उभं राहून मथुरानं आपल्या सरळ ओळी एकेक करून निघताना पाहिल्या. अख्खं आयुष्य लावणी केली, पण आपलं लावलेलं कोणी उपटताना ती पहिल्यांदा बघत होती.

संध्याकाळी देवळात बोलावणं आलं. गुरुदास गावकर देवाचे मानकरी. बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं आणि दुकानातलाच शर्ट घालून ते देवळात आले होते. वीसपंचवीस माणसं जमली होती. कोणी रागावलेलं दिसत नव्हतं, पण कोणी हसतही नव्हतं.

"हौसाबाय," गुरुदास म्हणाले, "एकच इचारतंय. ही बाई तुझी कोण? पावणी काय सोयरी?"

सगळ्यांना ह्या प्रश्नाचा अर्थ माहीत होता, मथुरालाही कोणीतरी शेजारून सांगितला. पावण्यानं मोड तोडला तर दोष घराचा, कारण पावण्याला सांगणं हे घराचं काम. त्या घराला त्या सालापुरता वारंगुळा बंद. परक्या हातानं त्या शेतात रोप लावायचं नाही. सोयरीनं तोडला तर मात्र गोष्ट वेगळी. नवी सोयरी पहिल्या वर्षी चुकते, देव समजून घेतो. देवापुढं हात जोडून एक गाऱ्हाणं घातलं की सुटली.

गुरुदासांनी आवाज खाली आणला. "ओंकाराचा बोलणा चल्लाहा म्हणतत. सोयरी म्हण, नि मी गाऱ्हाणा घालतंय. इषय संपलो."

सगळे हौसाबाईच्या तोंडाकडे बघू लागले. मथुराही बघत होती. ही आता सोयरी म्हणणार, आणि देवाच्या पुढ्यात म्हटलेलं मला खोडता येणार नाही, असं तिला वाटलं.

"पावणी," हौसाबाई म्हणाली.

"इचार करून बोल. तुझो तरवो पिकान जायत. तू नि झील, दोन माणसां किती लावतल्यात?"

"केलो इचार. ती सोयरीक करूक इल्ली नाय. नाय म्हणान सांगूक इल्ली आसा." देवळात कुजबुज झाली. हौसाबाई थांबली नाही. "परड्यात माड आसत हिच्या, नि माझ्या दारात नारळाशिवाय इली. तेवाच माका समाजला. आता देवापुढे सोयरी म्हटलंय तर तिच्या तोंडातलो शब्द मी चोरलंय असा होतला. माझो तरवो रवलो तर रवांदे."

गुरुदासांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग देवाकडे वळून हात जोडले. "बा रवळनाथा म्हाराजा, लेकराचा चुकला, घरान दोष अंगावर घेतलो. ह्या घराचा पुढचा तू बघ रे म्हाराजा." माणसांनी "होय म्हाराजा" म्हटलं आणि जो तो चपला शोधू लागला.

खळ्यात आल्यावर मथुरानं विचारलं, "तुमका पयल्याच दिवसापासून ठावक होता?"

"होय."

"मगे माका बोलूक कित्याक दिलास नाय?"

"घाट बंद होतो." हौसाबाई पाय धूत होती. "नाय म्हटलंस तर तुका त्याच घडयेक उठाक व्हया होता. नाय म्हणान परत आमच्याच चुलीकडे कशी बसतलंस? आणि ह्या पावसात रवतलंस खंय? म्हटलंय, घाट मोकळो होवंदे, मगे बोलांदे तिका."

मथुरा दारातच उभी राहिली. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही आत कुठंतरी फार बरं वाटलं. आपल्या तापल्या अंगाला हाका मारणारी बाई तिला आठवली आणि ही समोरची, आपलं शेत बुडवून परक्या बाईचा मान सांभाळणारी. दोघी सासवाच. रात्री ती शांत झोपली. तिचं ठरलं होतं.

सकाळी हौसाबाई आणि ओंकार शेतात उतरले होते. पलीकडच्या शेतात बायकांची ओळ लागली होती, पण इकडे कोणी येणार नव्हतं. मथुरा कासोटा मारून मेरेवर आली.

"थांब! खंय येतंस?" हौसाबाई ओरडली. "घरच्याशिवाय आता हयसर पाय पडाक नाय."

"म्हायत आसा माका."

"मगे?"

"घरची म्हणानच येतंय."

हौसाबाई सरळ झाली. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर केस चिकटलेले. "दया करून सोयरीक करू नको. मी एकटी लावतलंय. राती बत्ती लावन लावतलंय. तुझा चेडू काय भीक नाय माझ्या पदरात घालूक."

"दया माका कोणाची येणा नाय, ता माझ्या घोवाक इचारा." मथुराचा आवाज चढला होता. "मी सासू बगूक इल्लंय. बगलंय. जी बाई दुसऱ्याचो शब्द चोरीत नाय, ती माझ्या चेडवाक तापात उठवन शेतात धाडूची नाय. इतक्या माका समाजता." आणि मग, ओंकार ऐकत असतानाच, तिनं आपल्या पहिल्या मुलाचं सांगितलं. सत्यवानखेरीज ते तिनं कोणापाशी काढलं नव्हतं.

ओंकार मुठी हातात धरून तसाच उभा राहिला. हौसाबाई जवळ आली, पण तिचे हात चिखलाचे होते, म्हणून तिनं नुसतं मथुराच्या खांद्याला कपाळ टेकवलं.

"पण एक आसा," मथुरा नाक पुसत म्हणाली. "नम्रता चिखलात उतरूची नाय. ती नोकरी करीत, घर बगीत. ह्या नाय."

"मगे माझ्या मागसून हयसर कोण लावतला?"

"मी. दर वर्सा माझी खालची लावणी झाली काय मी वर येतलंय. तिच्या वाटणीची."

"नि तुझी कंबर बसली काय?"

"बसली काय बगू. तुमचीच आधी बसतली."

"उतर तर," हौसाबाई म्हणाली. मथुरा उतरली. वाटेवरून जाणारे गुरुदास गावकर थांबले आणि त्यांनी भुवया उंचावल्या. "विहीण आसंय मी हिची!" मथुरानं त्यांना शेतातूनच सांगितलं. त्यांनी मान हलवली. दिलेला निवाडा मागं जाणार नव्हता, पण घरची माणसं मोजायची ती आता वेगळी झाली होती.

त्या दिवशी आणि पुढं पाऊस होता तेवढे दिवस त्या दोघींनी आणि एका बेडूकवाल्यानं मिळून लावणी ओढली. पलीकडच्या बायकांना हात देता येत नव्हता, म्हणून त्या गाणं मोठ्यानं म्हणायच्या आणि मेर ओलांडून ते इकडे यायचं. मथुरा आणि हौसाबाई मागची ओळ धरायच्या. मथुराची नखं काळी पडली, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, हौसाबाईनं त्यावर शेवंतीचं लोणी चोळलं. ओळींवरून दोघी भांडल्या. हौसाबाई दाट लावते, असं मथुराचं म्हणणं होतं आणि खालच्या लोकांना वरचा वारा माहीत नाही, असं हौसाबाईचं.

फोनवर तिनं नम्रताला होकार कळवला होता. होकार फोनवर चालतो. अटही कळवली होती. नम्रतानं घाट कधी मोकळा होतो, तेवढंच विचारलं होतं.

घाट मोकळा झाला त्या दिवशी दुपारी ओंकार जीप घेऊन खाली गेला आणि तिला घेऊन आला. ती खळ्यात न थांबता थेट मेरेवर आली. सलवार कुर्ता, खांद्याला पर्स, डोळे जागरणाचे. रात्रपाळी करून आलेली.

"आये, होय म्हटलंस ता बरा केलंस," ती म्हणाली. "पण माझ्या वाटणीचो चिखल तू परस्पर घेवन टाकलंस. माका इचारलंस?"

"तुका काय इचारूचा? सुखात रव म्हणतंय मी."

"आणि तू हयसर माझ्यासाठी दर वर्सा वाकतलंस, नि मी मेरेर बसान सुखात रवतलंय? असा सुख मी खंय ठेवू?"

"नम्रता, तू..."

"माका ठावक आसा, आये. बाबांनी माका कधीच सांगलेला. तुका ढकललेला. माका कोणी ढकलूक नाय. मी आपल्या पायान उतरतंय. नको वाटला काय आपल्या पायान भायर येयन."

तिनं पर्स ओंकारच्या गळ्यात अडकवली, सलवार गुडघ्यांवर खोचली आणि मथुरा "अगो, अगो" म्हणेपर्यंत चिखलात पाय टाकला. पहिला पाय रुतला, दुसरा टाकताना ती एका हातावर पडली, उठली. मूठ घेतली, सोडली आणि लावायला लागली. कोणी तिला कधी शिकवलंच नव्हतं. तिनं लावलेली रोपं तिच्या मागं एकेक करून पाण्यावर येऊन तरंगू लागली.

ओंकारला हसू आवरेना. "हसतंस काय रे? मुठी हाड!" हौसाबाईनं त्याला झापलं आणि स्वतः पाठ फिरवून आपली ओळ धरली. ह्या दोघींच्या मध्ये तिला यायचं नव्हतं.

मथुरा तरंगणाऱ्या रोपांकडे बघत राहिली. तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. शिकवलं नाही म्हणून आपण मुलीला वाचवलं, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. वाचवलंही असेल. पण जगातली सगळ्यात चांगली लावणी जिच्या हातात, तिच्या पोटच्या पोरीचं रोप तरंगत होतं, हे काही तिला बघवेना.

ती चिखल तुडवत नम्रताजवळ गेली. पाण्यावरची रोपं गोळा करून तिनं पोरीच्या तळव्यावर ठेवली आणि तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला.

"नुसता टेकवन चलणा नाय गो," ती म्हणाली. "मुळाक चिखल धरीपर्यंत दाब. हां. दाब अजून."